देवकाचं सूत आणि लाओसचे पाहुणे

फुकट चहा कोणी पाजला की मी आधी पाजणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, मग कपाकडे. माझी बायको देवका म्हणायची, "तुमी असेच मराल, संशय घेत घेत." मी राहिलो, ती गेली. या गोष्टीचाही मला संशयच येतो, की काहीतरी चुकून झालं असावं.

वाचनालयाच्या पोरांनी म्हटलं, बाबा, तुमी परदेशी पाहुण्यांसोबत तीन दिवस फिरले, ते अंकासाठी लिहून द्या. मी चौथी शिकलेला. लिहिताना कुठं अडखळलं तर समजून घ्या. प्रवास म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यातला, देवळी, वर्धा, जाम, बोरगाव मेघे. पण संगं लाओस देशाचे लोक होते आणि दिल्लीच्या साहेबाची थंडगार बस होती. त्या काचेतून आपलीच पराटी, म्हणजे कपाशी, मला कोणा दुसऱ्याच्या मुलखातली वाटली.

बोलावणं घेऊन आली मंगला. ती देवळीच्या सूतकताई केंद्रात देवकाच्या बाजूला बसायची. मला भाऊजी म्हणते.

"भाऊजी, लाओसचे पाहुणे येऊन राह्यले. त्यायच्यासंगं फिरा लागते. चरखा चालवून दाखवा लागते."

"देवका चालवत होती. मी काय देवका आहो?"

"तुमाले येते न. तिच्याजवळ बसूनच शिकले तुमी."

"केंद्रात पोरी हायेत की."

"पोरीयले साड्या नेसवून स्वागताले उभं करणार हायेत. साहेबाले म्हातारा माणूस पायजे. फोटोत बरा दिसते म्हणे."

एवढं सरळ बोलली म्हणून विश्वास बसला. मग जरा थांबून म्हणाली, "आणि देवकाच्या सुताची एखादी गुंडी घरी असन तर..."

"नाई."

गुंडी होती. एकच. मागच्या थंडीत, अंथरूण धरायच्या आधी, देवकानं पेटीचरख्यावर काढलेलं सूत गुंडाळून ठेवलं होतं. तसं बारीक आणि सारखं सूत केंद्रात दुसरं कोणाचं निघत नव्हतं. म्हणून जिल्ह्यात कोणी मंत्री येवो, कोणी परदेशी येवो, त्याच्या गळ्यात पडणारा सुताचा हार देवकाच्या सुताचा. इतकी वर्षं ते सूत गळ्यांमध्ये गेलं. गळ्यातून पुढं कुठं गेलं हे तिनं कधी विचारलं नाही. मला विचारायचं होतं. मी गेलो तो यासाठी. फोटोसाठी नाही.

गुंडी मी पिशवीत घेतली. द्यायला नाही. रिकाम्या घरात उंदीर फार झालेत.

देवळी ते वर्धा

बसमध्ये माझ्या बाजूला एक बुटका म्हातारा येऊन बसला. नाव बुनमी. गावातला मानाचा माणूस, तिकडच्या विधीतले मंत्र म्हणणारा, असं सांगितलं. त्यांच्या पुढारी एक मॅडम होत्या, त्यांच्या सरकारातल्या, आणि बाकी चार-सहा जण. दुभाषी म्हणून एक तरुण भन्ते होते, लाओसचेच. ते तोंड उघडतात तो काय, आपली नागपुरी हिंदी.

"काकाजी, थोड़ा सरको ना. इनको खिड़की के पास बैठने का है."

"भन्ते, तुमी नागपूरचे काय?"

"पढ़ाई वहीं किया ना. तर्री-पोहा खा के पाली सीखा समझो."

माणूस हसरा निघाला. मी म्हटलं, हसऱ्या माणसाकडे जास्त लक्ष ठेवावं.

दिल्लीचे साहेब, मिश्राजी, पुढं माईक घेऊन उभे. त्यांचं भाषण हिंदीत, भन्ते त्याचं लाओसच्या भाषेत करायचे. साहेब म्हणाले, दोन हजार वर्षांपासून भारतानं आपले दूत पाठवले तर तलवार देऊन नाही, धम्म देऊन पाठवले. भिक्खू गेले, बोधीवृक्षाची फांदी गेली, बुद्धाचे धातू, म्हणजे अस्थी, गेल्या. आज भारत मोठा होऊन राहिला आहे आणि जगाला तीच जुनी ओळख पुन्हा देऊन राहिला आहे. दुसरे देश रेल्वे बांधून देतात, आपण मन जोडतो.

साहेब वाईट माणूस नाही. त्याच्या आईचा फोन यायचा तर भाषण सोडून घ्यायचा, "हाँ अम्मा, खा लिया." पण भाषण ऐकताना मला वाटलं, जे भिक्खू तेव्हा पायी गेले त्यांना कोणी विचारलं असेल काय, बाबा, तुले जायचं आहे की नाही? पाठवणाऱ्या राजाचं नाव सगळ्यांना माहीत. जाणाऱ्याचे पाय सुजले असतील, त्याचं नाव कोण घेते?

मी बुनमीला भन्तेमार्फत विचारलं, "खरंच तिकडं रेल्वे आली काय?"

बुनमीनं मान हलवली. भन्ते म्हणाले, "बोल रहे, आई है. अच्छी है. बेटी राजधानी में काम करती, पहले दिन भर लगता था आने को. अब दोपहर में निकली तो शाम का खाना घर पे."

साहेबाला ते आवडलं नसावं. मला आवडलं. पाहुणा होऊनही खोटं बोलला नाही.

वर्ध्याला त्यांना पांढरा स्तूप दाखवला, जपानी लोकांनी बांधलेला. आम्ही लहानपणी नाही, पण पोरंबाळं झाल्यावर तिथं डबे घेऊन जायचो. लाओसच्या लोकांनी चपला काढल्या, गुडघे टेकले, तीनदा वाकले. मी पण वाकलो. मंगलानं मला कोपरानं ढोसलं.

"काय भाऊजी, आज वाकले?"

"बुद्धाले वाकलो. जपान्याले नाई."

"जपान्यायनं कायले बांधला असन एवढा?"

"तेच तर. आपल्या गावात येऊन कोणी फुकट बांधून देते काय? पुण्य पायजे असन, नाई तं नाव." पण तेवढ्यात मला आठवलं, देवकाला ती पायऱ्यांवरची हवा फार आवडायची.

दुपारी मी चरखा चालवला. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वात, ती चातीला, म्हणजे चरख्याच्या फिरत्या टोकदार सळईला, लावून हात मागं ओढायचा. माझं सूत जाडं-बारीक येते. दोनदा तुटलं. साहेब म्हणाला, "कोई बात नहीं, वीडियो में कट कर देंगे." मग पाहुण्यांच्या आणि साहेबाच्याही गळ्यात सुताचे हार पडले, केंद्रातल्या पोरींच्या सुताचे. टाळ्या. मी एकेक हार डोळ्यात भरून ठेवला. म्हटलं, आता पाहतो कुठं जातात.

जाम

दुसऱ्या दिवशी समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात विहार पाहायला आणि जेवायला जायचं होतं. मधात जामच्या चौकात चहाला थांबलो. तिथं ट्रकांची गर्दी, संत्र्यांचे ढीग, भजी तळणारे. मिश्राजी भजी खाऊन आले, सीटवर पडलेला कालचा आपला हार उचलला आणि त्याला हात पुसले. तेलकट बोटं, एकेक करून.

मी मंगलाकडे पाहिलं. मंगलानं खिडकीकडे पाहिलं.

"पाह्यलं काय?"

"पाह्यलं, भाऊजी. चूप ऱ्हा."

"तीस वर्ष हेच झालं असन."

"माहीत नाई मले. चूप ऱ्हा म्हणलं न."

मग मी पाहुण्यांचे हार शोधायला लागलो. एकाच्याही गळ्यात नाही, सीटवर नाही, जाळीत नाही. मुक्कामाच्या जागीच टाकून आले, असं मनात धरलं. तेवढ्यात मागच्या सीटवर कात्रीचा आवाज आला. बुनमी मांडीवर सगळे हार घेऊन बसला होता आणि कचाकच कापून राहिला होता.

मी उठलो. "अरे, हे काय करून राह्यला? बायांनी हातानं काढलं हाय ते! चिंध्या हायेत काय?"

म्हातारा दचकला. कात्री खाली पडली. भन्ते धावत आले.

"काकाजी, काकाजी, आराम से. बिगाड़ नहीं रहे."

"कापून राह्यला तं काय, शिवून राह्यला?"

बुनमीनं एक तुकडा उचलून दाखवला. हातभर लांब सूत, मधात गाठ. भन्ते सांगायला लागले. त्यांच्याकडे पांढरं सूत असं कापून मनगटाला बांधतात. कोणी दूर जातो, दुरून येतो, लग्न होते, बाई बाळंत होते, कोणाच्या घरी मयत होते, तेव्हा. गावातले म्हातारे बांधतात. हाताचं सूत असलं तर चांगलं. ते तिकडंही आता बाजारातूनच आणावं लागते. म्हणून इथं हातानं काढलेलं मिळालं तर बुनमीनं सगळ्यांजवळचे हार मागून घेतले.

मी खाली बसलो. मी म्हटलं, "सूत तं आमीही बांधतो. परित्राणपाठ झाला की विहारात भन्ते मनगटाले बांधते."

"वोईच तो! देखो, एक ही चीज."

"पर तुमच्याकडं कायले बांधते?"

"आत्मा को बांधने के लिए. आदमी में बत्तीस होते बोलते. डर गया, दुखी हुआ तो एक-दो भाग जाते. उनको बुलाके बांध देते."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "बत्तीस आत्मे? भन्ते, तुमी चीवर घालून हे सांगता? आमच्या बापानं देव, आत्मा, भूतखेत सगळं सोडून दीक्षा घेतली. एकही आत्मा मानत नाई आमी, आन् तुमी बत्तीस ठेवले! हे कसले बौद्ध?"

मिश्राजी घाईनं मागं आले. "काकाजी, धम्म एक ही है, भाव एक ही है. डिबेट नहीं करते मेहमान से."

"एक कसा? मी नाई म्हणतो, थो बत्तीस म्हणतो."

त्यांच्या मॅडमनं भन्तेला काहीतरी विचारलं. भन्तेनं, मला वाटते, खरं तेच सांगितलं, कारण त्या आधी गंभीर झाल्या आणि मग तोंडावर रुमाल धरून हसल्या. बुनमी हसला नाही. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

भन्ते माझ्याजवळ बसले, आवाज खाली करून म्हणाले, "काकाजी, सच बोलूं? अपने को भी किताब में नहीं मिला. परीक्षा में लिखा तो सर ने काट दिया. पर छुट्टी में घर जाता तो अम्मा सूत लेके खड़ी रहती. हाथ आगे करना पड़ता ना."

संशय तर होताच, की हे सगळं शिकवून आणलेलं असेल. मोठे लोक पाहुणपणाला जातात तेव्हा गोड गोष्टी पाठ करून जातात.

खेड्यातल्या विहारात जेवण होतं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, चून म्हणजे पिठलं, मिरचीचा ठेचा, भात. वाढणाऱ्या बाया पाहुण्यांना ठेचा द्यायला भ्यायच्या. बुनमीनं वाटीच ओढली. त्यांच्याकडे भात चिकट असतो म्हणे, हातानं गोळा करून तिखटात बुडवून खातात, चमचा नाही. भाकरीचा तुकडाही त्यानं तसाच मोडला आणि ठेचा असा खाल्ला की आमच्या बाया तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. मिश्राजीनं त्याचं पाहून घेतला आणि त्याचे डोळे वाहायला लागले.

"साहेब, गूळ खा," मंगला म्हणाली. "नाई तं दिल्लीले समजन आमी रडवलं म्हून."

जेवण झाल्यावर बुनमीनं थैलीतून एक बाटली काढून उघडली, मासळीची आंबवलेली चटणी. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सुकटीचा सख्खा भाऊ. देवका सुकट भाजायची तेव्हा शेजारचे दार लावून घ्यायचे. मी भाकरीला लावून खाल्ली. तिथं आमचं भांडण थोडं निवलं. मिटलं नाही.

बोरगाव मेघे

पाहुण्यांना बोरगाव मेघेच्या एका विश्रामगृहात उतरवलं होतं. शेवटच्या दिवशी तिथल्याच सभागृहात समारोप होता. सकाळी मिश्राजी मला बाजूला घेऊन गेले. बसमधली सुताची गोष्ट त्यांच्या डोक्यात चांगलीच बसली होती.

"काकाजी, स्टेज पर वो दादाजी आपको धागा बांधेंगे. और आप उनकी मैडम को अपनी पत्नी के हाथ का सूत भेंट करेंगे. मंगलाजी बता रही थीं, एक है आपके पास."

मी मंगलाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहून म्हणाली, "तुमच्या पिशवीत दिसली होती. तोंडातून निंगालं, भाऊजी."

मी साहेबाला विचारलं, "दिलं तं मग कुठी जाईल थे?"

"उनके मंत्रालय में जमा होगा. हमारे यहाँ भी यही नियम है. बहुत पुरानी परंपरा है, राजा को मिला मतलब राज्य को मिला."

"म्हंजे कपाटात."

"शीशे का कपाट, काकाजी. नाम भी लिखेंगे."

"आन् तुमाले भेटलेल्या हाराले तुमी हात पुसले, थे कोणत्या परंपरेत बसते?"

साहेब लाल झाला. "गलती से हो गया."

"मी देत नाई. आन् तुमच्या स्टेजवर हातही पुढं करत नाई. मले आत्मे नाईत."

पिशवी छातीशी धरून मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. स्टेजवर बाजारातलं गिरणीचं सूत आणून काम भागवलं. बुनमीनं ते बोटांत धरून पाहिलं, मंत्र म्हटले आणि मॅडमनी मिश्राजीला बांधलं, मिश्राजीनं मॅडमला बांधलं. फोटो निघाले. भाषणात पुन्हा तलवार आणि धम्म आला. मी मनात म्हटलं, हेच असते सगळं. देवकाचं सूत असंच गेलं, टाळ्या संपेपर्यंत.

कार्यक्रम संपला, बस नागपूरला निघायची होती, पण बुनमी कुठं दिसेना. भन्ते शोधायला निघाले, त्यांच्या मागून मीही. मला पाहायचं होतं की म्हातारा कुठं लपून काय करतो. तो विश्रामगृहाच्या मागच्या बाजूला होता, भांडी घासायच्या मोरीजवळ. स्वयंपाकाच्या दोन बाया ओले हात पुसून उभ्या होत्या. बुनमी एकीच्या मनगटाला सूत बांधत होता. झाडूवालीच्या हाताला आधीच बांधलेलं. चौकीदाराच्या हाताला. आमच्या ड्रायव्हरच्या दोन्ही हातांना. जामला कापलेलं सूत. कॅमेरा नव्हता, साहेब नव्हता, त्यांच्या मॅडमही नव्हत्या.

मी तिथंच उभा राहिलो. मला जे विचारायचं होतं ते विचारायची गरज उरली नाही. हे हार तरी कुठं गेले ते समोर दिसत होतं.

बुनमीनं मला पाहिलं आणि थैलीत हात घातला. थैली उलटी केली. सूत संपलं होतं. तो काहीतरी बोलला, हळू.

भन्ते म्हणाले, "पूछ रहे, आपकी घरवाली गई तब से आपको किसी ने बांधा क्या?"

"याले कोणं सांगतलं?"

"मी," मंगला मागून म्हणाली. केव्हा आली कळलं नाही.

"तुह्या तोंडात काही ऱ्हातच नाई काय?"

"नाई ऱ्हात. बांधून घ्या."

मी म्हटलं, "भन्ते, याले सांगा, मी मानत नाई."

भन्तेनं सांगितलं. बुनमी बोलला, भन्ते हसले. "बोलते, मानना इनका काम है. आपका काम बस हाथ आगे करना."

मग मी पिशवीत हात घातला. गुंडी बाहेर काढली. बुनमीनं ती दोन्ही हातांत घेतली, सुताचं टोक शोधलं, बोटांवरून सोडलं. कुठं गाठ नाही, कुठं जाड नाही. त्यानं माझ्याकडे पाहून मान डोलावली. एक हातभर तुकडा कापला. तो आधी माझ्या मनगटावरून बोटांकडे फिरवला, वाईट बाहेर जावं म्हणून, मग उलटा आत, चांगलं यावं म्हणून. भन्तेनं सगळ्यांना सांगितलं की बांधताना मागच्यानं पुढच्याच्या कोपराला हात लावायचा. मंगलानं माझं कोपर धरलं, तिचं स्वयंपाकाच्या बाईनं, तिचं ड्रायव्हरनं. आणि घड्याळ दाखवत ओरडत आलेले मिश्राजी, "फ्लाइट है भाई, फ्लाइट," म्हणता म्हणता त्यांनीही ड्रायव्हरचं कोपर धरलं. फोन त्यांच्या खिशातच राहिला.

बुनमी पुटपुटत होता. भन्ते कानाशी सांगत होते, "जंगल में गए हो तो आओ, नदी पे बैठे हो तो आओ, घर चलो." मी आत्मा मानत नाही. पण मी पाहिलं की दवाखान्याच्या एका बाकावर मी अजून बसून आहो, हातात देवकाच्या चपला घेऊन. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. इथं लिहिलं.

बांधून झाल्यावर मी उरलेली गुंडी त्याच्याकडे ढकलली. "घेऊन जा. पर कपाटात नाई ठेवायची. सांगा याले."

भन्तेनं सांगितलं. बुनमीनं उत्तर दिलं.

"काकाजी, बोल रहे इनके घर में कपाटच नहीं है."

बस गेली. मंगला आणि मी रस्त्यावर उभे राहिलो, मग देवळीची गाडी पकडली.

देशादेशांचं काय होते ते साहेबलोक जाणोत. देशांचं एवढं मोठं नातं जमलं असेल तर दिल्लीला समजलं असेलच. मला विचाराल तर मी अजूनही म्हणतो, फुकट दिलेल्या गोष्टीकडे नीट पाहावं, आपण दिलेल्याकडे तर जास्तच.

भन्ते जाताना सांगून गेले होते, धागा तीन दिवस ठेवायचा, मग सोडला तरी चालते, पण कापायचा नाही. तीन दिवस केव्हाच होऊन गेले. एका हातानं गाठ सुटत नाही. दातानं करून पाहिलं, तर दात उरले नाहीत तेवढे. मंगलाला म्हटलं असतं तर तिनं सोडून दिली असती. पण आमच्या घरी गाठी सोडायचं काम देवकाचं होतं. पायजम्याच्या नाडीला गाठ बसली तरी मी तिच्यापुढं जाऊन उभा राहत होतो. म्हणून आहे हातात.